टकटकमावशीचा आरसा

जुनी गिटार विकायला काढणारा माणूस वाळवीला घाबरत नाही तेवढा टकटकमावशीला घाबरतो. वाळवी निदान सावकाश खाते. मावशी दारात चपला काढते, चष्मा पुसते आणि पुढ्यातला चहा निवायच्या आत सांगून मोकळी होते की, दादा, हिची मान वाकलीय, पोट फुगलंय आणि पाठीची चीर तुम्ही बुटाच्या पॉलिशनं बुजवलीय. वर आणखी कौतुक करते, "रंग मात्र बरा जुळवलात हो."

हे नाव पडलं ते तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटामुळे. बोट वाकवून त्याच्या पेरानं ती गिटारचं पोट इंचाइंचानं ठोकत जाते आणि कान जवळ नेऊन ऐकते. आतल्या पट्ट्या जिथे घट्ट चिकटलेल्या असतात तिथे आवाज भरीव येतो, जिथे सुटलेल्या असतात तिथे फाटका येतो. ही सवय आता हाडीमासी इतकी मुरली आहे की कलिंगडवाला तिला आपल्या गाडीजवळ फिरकू देत नाही. तिचा नवरा शाळेची व्हॅन चालवतो आणि फावल्या वेळात बायकोची चेष्टा करतो. तो सगळ्यांना सांगतो, "लग्नाआधी हिनं माझ्याही डोक्यावर टकटक करून बघितलं होतं. आवाज पोकळ आला, तरी हो म्हणाली."

"पोकळ होतं म्हणूनच हो म्हटलं," मावशी म्हणते. "भरीव लाकूड वाजत नाही."

तिची खोली किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानामागे आहे. एक खिडकी, एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या मोडक्या माना, आणि कोपऱ्यातल्या शेगडीवर लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं. सरसाचा वास नव्या माणसाला नकोसा होतो. मावशीला त्या वासाशिवाय भूक लागत नाही. दुरुस्ती हा तिचा धंदा, पण गावभर नाव आहे ते पारखीसाठी. जुनी गाडी घेताना लोक मेकॅनिकला सोबत नेतात तसे जुनी गिटार घेताना हिला नेतात. तिनं हो म्हटलं की डोळे मिटून घ्यावी, नाही म्हटलं की मागे वळूनही बघू नये. इतक्या वर्षांत तिचा एकही "हो" खोटा ठरलेला नाही, आणि हे ती स्वतःच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबण्याचा तिचा स्वभाव नाही.

तिचा नियम ठरलेला: आधी डोळे, मग बोट, मग आरसा, आणि कान सगळ्यांत शेवटी. तोवर गिटार कुणी वाजवायची नाही, घेणाऱ्यानं तर मुळीच नाही. "एकदा मांडीवर घेतली की अक्कल गहाण पडते," ती म्हणते. विकणाऱ्याची कहाणीही ती ऐकत नाही. कुणाची आत्या ती वाजवायची, कुणाच्या हातून ती आली, असल्या गोष्टी या कानानं आत घेऊन त्या कानानं सोडते. प्रश्न दोनच विचारते: ठेवता कुठे, आणि हिच्यावर काय काय पडलंय?

आरसा तिच्या मास्तरांचा. लांब दांड्याचा, बोटाच्या नखापेक्षा थोडा मोठा, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा. किंबहुना दाताच्या डॉक्टरचाच. मास्तरांचा शेवटचा दात काढल्यावर डॉक्टर म्हणाले होते, "मास्तर, आता तुमच्या तोंडात बघण्यासारखं काही उरलं नाही. हा तुम्हीच घेऊन जा." मास्तरांनी खरंच नेला आणि पुढची चाळीस वर्षं गिटारींच्या पोटात घातला.

मास्तर बोलायचे कमी. मावशी विशीत त्यांच्याकडे शिकायला लागली तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी जेवढी वाक्यं सांगितली तेवढी पुढच्या वर्षभरात सांगितली नाहीत. त्यातलं एक होतं पेन्सिलीचं. गिटारच्या आत कुठलंही काम केलं की शेजारी पेन्सिलीनं लिहून ठेवायचं: तारीख, काय केलं, कुणी केलं. आणि लिहायचं उलटं. शिरोरेघ तेवढी सरळ, बाकी सगळी अक्षरं उजवीकडून डावीकडे, म्हणजे पुढच्या कारागिरानं आरसा आत घातला की त्याला सुलटं वाचता येईल. "आपल्यानंतर कुणीतरी आत बघणारच," मास्तर म्हणाले होते. "त्याला अंधारात ठेवायचं नाही."

तऱ्हेवाईकही होते. एकदा त्यांनी तिला महिनाभर रोज दहा पट्ट्या सरसानं जोडायला लावल्या. आज जोडायच्या, रात्रभर शिकंज्यांत आवळून ठेवायच्या, उद्या सकाळी गुडघ्यावर धरून मोडायच्या. जोड तुटला तर पुन्हा दहा. लाकूड तुटलं आणि जोड टिकला तर तोंडातल्या तोंडात "हं". का, कशासाठी, काही सांगितलं नाही. महिनाअखेर मावशीचे गुडघे काळेनिळे पडले होते. ही गोष्ट ती हसत हसत सांगते.

एक गोष्ट मात्र ती कुणाला सांगत नाही. नवऱ्याला तेवढी ठाऊक आहे, तीही अर्धी.

ती एकवीस वर्षांची असताना मास्तर तापानं वरच्या खोलीत पडून होते आणि खाली दुकानात ती एकटी होती. सोमवारी दुपारी एक गायक आला. जहाजावर गाणारा, पॉलिश केलेले बूट, गुरुवारी जहाज सुटायचं होतं. गिटारच्या पोटातली एक पट्टी एका टोकाला सुटली होती, तार छेडली की माशी अडकल्यासारखी भुणभुण व्हायची. "मास्तर नाहीत, पण मी करते," ती म्हणाली. सरस गरम असतो तोवरच धरतो. तो लावला की शिकंजे झटपट आवळावे लागतात. तिनं सरस लावला आणि एक शिकंजा सापडेना. टेबलावर नाही, खिळ्याला नाही. सापडला तो तिच्याच स्टुलाखाली. तोवर सरसावर साय धरली होती. तिनं ती पाहिली, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. शिकंजे आवळले. संध्याकाळी गायक दारात हजर: आजच हवी, उद्या तालीम आहे. रात्रभर ठेवायचे शिकंजे तिनं चार तासांत काढले, आरशात बघत उलटी अक्षरं लिहिली, "पट्टी बसवली", आणि खाली स्वतःचं नाव, जरा ठसठशीतच.

मास्तरांना तिनं काही सांगितलं नाही. बुधवारी त्यांचा ताप उतरला. आता विचारतील, आता विचारतील म्हणून ती अंग चोरून बसली, तर त्यांनी तिला चक्क लाकडाच्या वखारीत पाठवलं, एकटीला, गिटारच्या पाठीसाठी फळ्या निवडायला. लाकूड निवडणं ते कुणावर सोपवत नसत. दिवसभर फळ्या ठोकत फिरताना तिला आनंदही झाला आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. ज्यांनी एवढा विश्वास टाकला त्यांच्या नावावर आपण कच्चं काम खपवलंय. गुरुवारी जहाज गेलं, गिटार गेली, आणि ते कुसळ मावशीच्या मनात राहिलं. मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली. छत्तीस वर्षं ती प्रत्येक जुन्या गिटारमध्ये आरसा घालताना आधी आपलं ते अक्षर शोधते, आणि नाही दिसलं की थोडी सुटल्यासारखी होते आणि थोडी निराश.

आता या रविवारची गोष्ट.

लसीकरण केंद्रातल्या सिस्टर दोन वर्षं जुनी गिटार शोधत होत्या. मावशीनं त्यांच्या चार गिटारी नापास केल्या होत्या. ही पाचवी. "मावशी, हीसुद्धा नाही म्हणालात तर मी सरळ बासरी घेईन," मावशीच्या नवऱ्याच्या व्हॅनमध्ये बसताना सिस्टर म्हणाल्या. "तिच्यात पट्ट्या नसतात."

"तिच्यात चीर असते," मावशी म्हणाली.

विकणारे काका जहाजावर आचारी होते. निवृत्त होऊन जमिनीवर आले तरी जमिनीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत टेबल फरशीला स्क्रूनं आवळलेलं, कप हुकांना लटकलेले, फळीवरच्या बरण्यांपुढे आडवी दांडी, न जाणो खोली कलली तर. गिटार पलंगावर, उशीवर मान टेकवून ठेवली होती. मधाच्या रंगाची, कडा झिजून मऊ झालेल्या, आणि जिथे वाजवणाऱ्याचा हात टेकतो तिथलं पॉलिश पार उडालेलं. सिस्टरांचा हात आपोआप पुढे गेला. मावशीनं त्यावर हलकेच चापट मारली.

"ठेवता कुठे?"

"कपाटात. कोटांच्या मागे. चुलीपासून लांब."

"काय पडलंय हिच्यावर?"

"एकदा मीच," काका म्हणाले. "समुद्र खवळला होता."

मग काकांनी सिस्टरांना आणि व्हॅनवाल्यांना गिटारची कहाणी सुरू केली. कुणी एक गायक होता, उत्तरेच्या एका बंदरावर थंडीनं काकडत होता, काकांनी आपला जाड कोट दिला आणि त्यानं गिटार दिली. "त्याला ऊब हवी होती, मला करमणूक," काका म्हणाले. सिस्टर हनुवटीला हात लावून ऐकत होत्या. मावशीनं नेहमीप्रमाणे कान बंद केले होते.

तिनं गिटार उचलली आणि मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं, सुतार फळीचा बाक बघतो तसं. मान सरळ होती. तारा लाकडापासून किती वर आहेत ते मानेवरच्या मधल्या घरात दोन नाणी सरकवून मोजलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीमागे मोजपट्टी आडवी ठेवून पोट बघितलं. थोडं वर आलेलं, या वयात सगळ्यांचंच येतं. घोडीच्या कडेखाली पातळ कार्ड घालून बघितलं, कुठेच शिरलं नाही. भोकाला नाक लावून वास घेतला. ओल नाही, जुन्या लाकडाचा आणि किंचित मसाल्याचा वास. खुंट्या फिरवल्या. पाठीवर, काठाजवळ, बोटभर लांबीची केसासारखी चीर सापडली. "ही नवी आहे. दुरुस्त होईल," ती पुटपुटली. मग बोट वाकवलं आणि टकटक सुरू झाली. टक, टक, टक. वरपासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे. एकाही ठिकाणी आवाज फाटला नाही.

मावशीच्या कपाळावरची आठी उलगडत गेली. "बोटाला तर आवडली," ती म्हणाली. सिस्टरांनी आनंदानं व्हॅनवाल्यांचा दंडच दाबला.

मग तिनं छोटी बॅटरी आत धरली आणि आरसा भोकातून आत सरकवला. एक पट्टी दिसली, दुसरी दिसली. दुसरीच्या कडेला पेन्सिलीची अक्षरं होती. शिरोरेघ सरळ, अक्षरं गोल, आणि खाली नाव, जरा ठसठशीतच.

तिनं आरसा बाहेर काढला. गिटार पलंगावर ठेवली आणि स्वतः शेजारी बसली, तीही उशीसारखीच मऊ पडून.

"अगं, काय झालं?" नवरा म्हणाला.

"सिस्टर, ही घेऊ नका."

"का?"

"आतली एक पट्टी कच्ची आहे. सरस थंड झाल्यावर बसवलीय, चार तासांत शिकंजे काढलेत. आज ना उद्या सुटेल." थोडा वेळ ती चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "मीच बसवलीय."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, परक्याच्या खोलीत, परक्या माणसांसमोर. साय धरलेला सरस, स्टुलाखालचा शिकंजा, मास्तरांचा ताप. तिला लाज वाटत होती, कान तापले होते, पण सांगत गेली तसा आवाज मोकळा होत गेला. काकांच्या हातातली चहाची किटली तशीच राहिली. "म्हणजे माझा कोट...?" एवढंच ते म्हणाले.

सिस्टर मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. रडणाऱ्या मुलांना आणि त्यांच्याहून जास्त रडणाऱ्या आईबापांना रोज सरळ करणारी बाई ती. "मावशी, मान सरळ आहे?"

"आहे."

"टकटक करून आवाज कसा आला?"

"भरीव."

"छत्तीस वर्षांत पट्टी सुटली?"

"...नाही."

"म्हणजे पेशंटची नाडी नीट, ताप नाही, चांगला चालतोय, हसतोय, आणि तुम्ही जुनी चिठ्ठी वाचून म्हणता, गेला! मी असा रिपोर्ट दिला असता तर डॉक्टरांनी मला केंद्राबाहेर उभं केलं असतं. आरसा पूर्ण फिरवलात का?"

नव्हता फिरवला. आपलं नाव दिसल्याबरोबर तिनं तो बाहेर ओढला होता. हजार गिटारी तपासलेल्या बाईनं स्वतःच्या बोटावर विश्वास ठेवला नव्हता, आणि हजारांत पहिल्यांदाच तपासणी अर्ध्यावर सोडली होती.

"चोराच्या मनात चांदणं," नवरा म्हणाला, पण हळू, आणि म्हणता म्हणता बॅटरी उचलून त्यानं स्वतःच भोकाशी धरली. "बघ. मी धरतो."

मावशीनं पुन्हा आरसा घातला. आपलं नाव ओलांडलं, पट्टी ओलांडली, पलीकडच्या बाजूला वळवला. सांध्यालगत सरसाची बारीक, सारखी रेघ होती, तिच्या हातची नव्हे. आणि त्या बाजूलाही अक्षरं होती. बारीक, तिरकी, कंजूष. असं लिहिणारा माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिला होता. तारीख बुधवारची. तिनं वाचलं, मग पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं, कारण एकटीला ते पेलवेना.

"सांधा पुन्हा केला. सरस थंड झाला होता. पोरीचा हात चांगला आहे."

मावशीच्या डोक्यात छत्तीस वर्षांपूर्वीचा तो बुधवार उलगडत होता. गायक सकाळी ती दुकानात यायच्या आतच भुणभुणणारी गिटार घेऊन वर मास्तरांकडे गेला असणार. आणि मास्तरांनी तिला वखारीत पाठवलं ते फळ्यांसाठी नव्हे. तिच्यासमोर तिचं काम उकलायला नको म्हणून. आणि पुढच्या आठवड्यात सुरू झालेल्या त्या दहा दहा पट्ट्या! रात्रभर आवळायच्या, सकाळी मोडायच्या. पंचवीस वर्षं ती पुढे त्यांच्याबरोबर बसली, चहा प्यायली, भांडली, त्यांच्या शेवटच्या आजारात उशाशी बसली, पण त्या माणसानं एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं ते कुणा अनोळखी कारागिराला, जो कधीतरी आत बघेल आणि पोरीला नावं ठेवेल म्हणून.

"म्हातारा!" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली, की रडता रडता हसायला, तिचं तिलाच कळलं नाही. "माझे गुडघे फोडलेन् म्हाताऱ्यानं!"

काकांनी तिच्यापुढे चहा ठेवला. सिस्टरांनी सवयीनं नाडी बघितली आणि ठीक आहे म्हणाल्या.

मग मावशीनं नाक पुसलं, पदर खोचला आणि धंद्यावर आली. "आता कान," ती म्हणाली आणि गिटार सिस्टरांच्या हातात दिली. सिस्टरांना वाजवता येत होते ते चारच सूर, पण ते चार सूर त्या बंद खोलीत असे पसरले की हुकांना लटकलेले कप किणकिणले. काका खिडकीबाहेर बघत राहिले. "कोट पण चांगला होता हां तो," थोड्या वेळानं ते म्हणाले.

"हो," मावशी म्हणाली. "घ्या. डोळे मिटून."

सिस्टरांना ती तशीच घरी न्यायची होती. पण पाठीची चीर होती, आणि मावशीनं गिटार थेट आपल्या खोलीवर नेली. सरस गरम केला, सगळे शिकंजे आधी मोजून टेबलावर हारीनं मांडले, स्टुलाखालीसुद्धा एकदा वाकून बघितलं. सरस लावला आणि आवळले, साय धरायच्या खूप आधी.

संध्याकाळी सिस्टर दारात हजर. "मावशी, वाळली असेल ना आता? उद्या सुट्टी आहे माझी. आजच द्या ना."

मावशीनं वरसुद्धा बघितलं नाही. "उद्या सकाळी."

"फक्त आजची रात्र..."

"उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी तिनं शिकंजे सोडले, चीर नखानं चाचपली, टकटक केली. मग आरसा आत घालून, मास्तरांच्या ओळीखाली उरलेल्या चिमूटभर जागेत, तिनं सावकाश उलटी अक्षरं काढली. तारीख लिहिली. पाठीची चीर जोडली, असं लिहिलं. नाव या वेळी बारीकच लिहिलं. आणि त्याखाली आणखी एक ओळ, जी पुढच्या कारागिराला वाचायची काही गरज नव्हती:

"शिकंजे रात्रभर ठेवले, मास्तर."